फेझर की फोटॉन टॉर्पेडो: अधिक शक्तिशाली कोण, आणि त्यांच्या आकड्यांवरून दोन मालिकांतील जहाजांची तुलना करता येते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतील एंटरप्राइझ या अवकाशजहाजावरचे फेझर, म्हणजे किरण सोडणारे अस्त्र, अधिक शक्तिशाली की फोटॉन टॉर्पेडो, म्हणजे स्फोट घडवणारे क्षेपणास्त्र, ही पहिली. आणि तांत्रिक पुस्तिकेत छापलेले आकडे धरून या जहाजाची दुसऱ्या एखाद्या मालिकेतील जहाजाशी तुलना करता येईल का, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: आकड्यांनुसार टॉर्पेडो. परंतु तो इतक्या प्रचंड फरकाने वरचढ ठरतो की, त्या फरकामुळेच दुसऱ्या प्रश्नाला मला 'नाही' असे उत्तर द्यावे लागते.

रिक स्टर्नबाख आणि मायकेल ओकुडा यांनी लिहिलेली, 'स्टार ट्रेक'च्या 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेची तांत्रिक पुस्तिका 1991 साली प्रसिद्ध झाली. मालिकेच्या लेखकांना हाताशी असावी म्हणून केलेल्या अंतर्गत टिपणांतून ती वाढत गेली होती. तिच्यानुसार फोटॉन टॉर्पेडोच्या स्फोटकाग्रात 1.5 किलो प्रतिद्रव्य (द्रव्याशी भेटताच दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा देणारा पदार्थ) असते आणि ते तेवढ्याच द्रव्याशी संयोग पावते. म्हणजे एकूण 3 किलो वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते. प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले की सुमारे 2.7 गुणिले 10 चा 17 वा घात इतके ज्यूल, म्हणजेच जवळजवळ 64 मेगाटन, असे उत्तर येते. 1961 साली सोव्हिएत संघाने चाचणी घेतलेला, आजवरचा सर्वांत मोठा अणुबॉम्ब सुमारे 50 मेगाटनांचा होता.

आता फेझर पाहू. त्याच पुस्तिकेनुसार फेझरपट्टीच्या प्रत्येक खंडातून 5.1 मेगावॉट शक्ती बाहेर पडते आणि जहाजाच्या बशीच्या आकाराच्या भागावरील मोठ्या पट्टीत असे 200 खंड आहेत. गुणाकार केला की सुमारे 1 गिगावॉट, म्हणजे वीजनिर्मितीच्या एका मोठ्या अणुभट्टीएवढी शक्ती, हाती येते. मी पहिल्यांदा हे दोन आकडे एकाच कागदावर मांडून भागाकार केला, तेव्हा आपलेच काही चुकले असावे असे वाटून तो पुन्हा करून पाहिला. एका टॉर्पेडोएवढी ऊर्जा ओतण्यासाठी ही पट्टी अखंड आठ वर्षांहून अधिक काळ चालवावी लागेल. पडद्यावर मात्र कप्तान कधी एक अस्त्र वापरतो, कधी दुसरे, आणि दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच दिसतो.

पुस्तिकेने यावर एक उपाय योजला आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. फेझर लक्ष्याला केवळ तापवत नाही, तर 'नेडियॉन' नावाच्या काल्पनिक कणांच्या परिणामाने अणुकेंद्रांना बांधून ठेवणारे बलच मोकळे करतो, असे ती सांगते. त्यामुळे हातातल्या लहान फेझरने माणूस अदृश्य होतो तेव्हा खोली वाफेने का भरत नाही, या जुन्या शंकेचे समाधान निदान कथेपुरते तरी होते. ही शंका क्षुल्लक नाही. 70 किलोच्या माणसाच्या शरीरात 40 किलोंहून अधिक पाणी असते. त्याची वाफ झाली तर ती जवळजवळ 70 घनमीटर जागा व्यापेल, म्हणजे पाच मीटर लांब-रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशी खोली उकळत्या वाफेने गच्च भरेल आणि शेजारी उभा असलेला कोणीही वाचणार नाही. पडद्यावर मात्र नारिंगी झळाळी उमटते, आकृती विरते आणि शेजारचा माणूस शांतपणे पुढचे वाक्य बोलतो. परंतु नेडियॉन स्वीकारले की मेगावॉटांना तुलनेसाठी अर्थ उरत नाही. ज्या अस्त्राची हानी त्याच्या ऊर्जेवर अवलंबून नाही, त्याची ऊर्जा मोजून आपण काय सिद्ध करणार?

टॉर्पेडोच्या 64 मेगाटनांनाही मर्यादा आहेत. पृथ्वीवर अणुस्फोट जो विध्वंस करतो, त्याचा मोठा भाग हवेतील आघातलहरीमुळे होतो. अवकाशात हवाच नसल्याने मुख्यतः प्रारणच उरते आणि अंतर दहापट झाले की त्याची तीव्रता शंभरावा हिस्सा होते. शिवाय द्रव्य आणि प्रतिद्रव्याच्या संयोगातील बरीचशी ऊर्जा अखेरीस न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण घेऊन जातात, आणि ते कोणत्याही जहाजातून काहीही न बिघडवता आरपार जातात.

मुळात 'फेझर' हा शब्द कुठून आला, ते पाहिले की आकड्यांचे खरे स्थान लक्षात येते. पहिला चालता लेझर थिओडोर मेमन यांनी 1960 साली तयार केला. 1964 च्या अखेरीस चित्रित झालेल्या 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या नमुना भागात पात्रांच्या हाती लेझरच होते. पण थोड्याच वर्षांत प्रेक्षकांना लेझर काय करू शकतो हे नीट कळेल आणि मग ते 'लेझर असे करूच शकत नाही' असे म्हणतील, ही भीती मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटली. म्हणून त्यांनी कोणालाच गुणधर्म माहीत नसलेला नवा शब्द घडवला. म्हणजे फेझरचा जन्मच मुळी मोजमापातून निसटण्यासाठी झालेला आहे. पुढे 1988 च्या एका भागात एंटरप्राइझवर लेझर रोखले जातात, तेव्हा लेझर तर आपल्या दिशादर्शक ढालीही (जहाजाभोवतीची अदृश्य संरक्षक कवचे) भेदू शकत नाहीत असे अधिकारी सांगतो, आणि वीसहून अधिक वर्षांपूर्वीचा तो निर्णय कथेतच पक्का होतो.

लेखनाची पद्धतही अशीच होती. 'द नेक्स्ट जनरेशन'चे एक लेखक रोनाल्ड मूर यांनी नंतर सांगितले आहे की, लेखक संहितेत तांत्रिक संज्ञेच्या जागी नुसते 'टेक' असे लिहून पुढे जात आणि त्या जागा सल्लागार मागाहून भरत. त्यामुळे जहाज वाचणार की नाही हे आधी ठरे, आणि ढाल किती टक्के शिल्लक आहे हे नंतर. यात लेखकांची लबाडी आहे असे मला वाटत नाही. दर आठवड्याला नवी कथा देणाऱ्यांनी माणसांकडे आधी पाहावे, हे योग्यच आहे. मात्र त्याचा परिणाम आकड्यांवर होतो. जानेवारी 1994 च्या 'द पेगॅसस' या भागात एक लघुग्रह नष्ट करायला एंटरप्राइझचे बहुतेक टॉर्पेडो खर्ची पडतील असे सांगितले जाते. सव्वा वर्षाने, त्याच विश्वातील 'डीप स्पेस नाइन'मध्ये, 20 जहाजांच्या पहिल्याच माऱ्यात एका ग्रहाचे 30 टक्के कवच नष्ट झाल्याची नोंद होते. ते कवच पृथ्वीच्या कवचाएवढे धरले, तर त्याचा तेवढा भाग नुसता वितळवायलाच 64 मेगाटनांचे काही हजार कोटी टॉर्पेडो लागतील. या दोन प्रसंगांना एकाच सूत्रात बसवण्याचे प्रयत्न मी पाहिले आहेत, स्वतः केलेही आहेत. ते सूत्र निघत नाही.

म्हणून मी अस्त्राची शक्ती विचारण्याऐवजी ते काय करू शकत नाही, हे विचारतो. ही मर्यादा लेखक सहसा पाळतात, कारण कथा तिच्यावरच उभी असते. 1989 च्या 'क्यू हू' या भागात बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूंचा पहिला सैनिक फेझरने कोसळतो. दुसरा येतो, त्याच्यावर तोच फेझर झाडला जातो, किरण त्याच्याभोवतीच्या अदृश्य ढालीवर अडतो आणि तो मान न वळवता आपले काम करत राहतो. त्या काही सेकंदांत फेझरविषयी जे कळते, ते कोणत्याही मेगावॉटांतून कळत नाही. पुढे फेझरची वारंवारता सतत बदलत ठेवण्याची युक्ती येते, आणि तीही थोडाच वेळ पुरते. आता बोर्गच्या जागी दुसऱ्या मालिकेतील जहाज ठेवून पाहा: त्याची ढाल वारंवारतेवर चालते का, त्याला ढाल आहे तरी का, यांची उत्तरे दोन्ही विश्वांत वेगळी आहेत, आणि तुलना तिथेच थांबते.

ज्या मालिका प्रत्यक्ष भौतिकशास्त्राच्या जवळ राहतात, तिथे मात्र आकडेमोड खरोखर उपयोगी पडते. एक मायक्रॉन तरंगलांबीचा लेझर एक मीटर व्यासाच्या आरशातून सोडला, तर 1,000 किलोमीटरवर त्याचा ठिपका सुमारे अडीच मीटरांचा होतो. 3 लाख किलोमीटरवर, म्हणजे पुस्तिकेने फेझरला दिलेल्या पल्ल्यावर, तोच ठिपका 700 मीटरांहून मोठा होईल आणि जहाजाला जेमतेम ऊब देईल. 'द एक्सपान्स' या मालिकेत किरण आणि ढाली जवळजवळ नाहीतच. तिथे धातूचे गोळे आणि क्षेपणास्त्रे आहेत, आणि रेलगनच्या (विद्युतचुंबकीय बलाने गोळा फेकणाऱ्या तोफेच्या) गोळ्याला वळता येत नसल्यामुळे दूरचे जहाज नुसते बाजूला सरकून त्याला चुकवू शकते. 2015 च्या पहिल्या पर्वातील एका लढाईत बंद खोलीत माणसे बोलत असतात आणि जहाजाच्या आरपार गेलेला एक गोळा त्यांतल्या एकाचे डोके घेऊन जातो. प्रकाश नाही, इशारा नाही. समोरासमोरच्या भिंतींत एकेक भोक पडलेले असते, हवा सुटू लागते आणि उरलेले लोक ती भोके बुजवण्यासाठी धडपडतात. तिथे आपण भोकाचा व्यास, खोलीचे आकारमान आणि हवेचा दाब धरून त्यांच्याकडे किती वेळ होता याचा हिशेब मांडू शकता, आणि तो हिशेब त्या प्रसंगाविषयी काहीतरी खरे सांगेल.