वीज गेल्यावर आवडलेलं साधं राहणं लाइट आल्यावरही टिकतं का?

आमच्या घरी टिकलं, पण सगळं नाही. सगळं टिकावं असं मला वाटतही नाही.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. गेल्या उन्हाळ्यात वादळी पावसात आमच्या भागातली डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळली आणि ती बदलेपर्यंत घरात लाइट नव्हती. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री उतरला.

पाण्याचं आधी सांगते. नर्मदेचं पाणी इथे एक दिवसाआड येतं, खालच्या हौदात पडतं आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. मोटर बंद, म्हणून हौदातून बादल्या भरून जिन्याने वर न्यायच्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या कळशी उचलायला यायच्या. याला कुणी साधेपणा म्हणून गौरवलं तर मला पटत नाही. हे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपांच्या जोरावर घाट चढून येतं. विजेशिवाय ते इंदूरला पोचणारच नाही.

माठाचं मात्र वेगळं. बंद ठेवलेला फ्रिज चारेक तास गारवा धरतो, पुढे नाही. मग उरलेल्या दुधाला विरजण लावलं, भाजी त्या दिवसापुरतीच आणली आणि माळ्यावरचा माठ खाली काढला. (माठ घासताना साबण लावू नका, तो मातीत मुरतो. नुसत्या काथ्याने घासा.) उन्हाळ्यात माळव्याची हवा इतकी कोरडी असते की बाहेर पाझरलेलं पाणी भराभर सुकतं आणि आतलं गार होत जातं. दात शिवशिवत नाहीत, तहान मात्र भागते. लाइट आल्यावर फ्रिजमधल्या बाटल्या आम्ही पुन्हा भरल्याच नाहीत. भाजी रोज आणणं काही जमलं नाही, नोकरीत ते होत नाही.

आणि रात्री! आपलं हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. दिवसा ऊन चाळिशीपार असलं तरी रात्री वारा सुटतो. ‘शब-ए-माळवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती उगाच नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकल्या. रस्त्यावरचे दिवेही बंद होते, त्यामुळे उत्तरेला सप्तर्षी स्पष्ट दिसले. शेजारच्या काकांनी मुलांना वसिष्ठ दाखवला आणि त्याला खेटून असलेली अंधुक अरुंधती कुणाला दिसते ते विचारलं. धाकटीला आधी दिसली. एकाच भिंतीपलीकडे राहून आम्ही काकांशी इतकं कधी बोललो नव्हतो, याचं मला फार वाईट वाटलं. आता उन्हाळाभर जेवणं झाली की आम्ही वर जातो, काका-काकूही येतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर लाइट जायची वाट बघू नका, पण उन्हाळ्यातच करा. पावसाळ्याच्या दमट हवेत माठातलं पाणी फारसं गार होत नाही आणि गच्चीवर डास बसू देत नाहीत.