शिस्त कोणी लावायची, असे विचारणाऱ्या एका नव्या शिक्षिकेस

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन वर्ष व्हायच्या आतच हा प्रश्न तुझ्यापुढे आला, याचे मला नवल वाटत नाही. पालक सांगतात, "बाई, पोरगं तुमच्या हवाली केलंय, आता तुम्हीच वळण लावा". आणि मधल्या सुट्टीत सहकारी म्हणतात की घरातच वळण नसेल तर शाळा काय करणार. यांपैकी बरोबर कोण, असे तू विचारले आहेस. माझ्या मते दोघेही आपापल्या वाट्याचे काम दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवत आहेत. वाटणी करायची असेल तर ती गोष्ट कुठे घडली यावर करावी: शाळेत घडलेले शाळेने शाळेतच निस्तरावे, घरात घडते ते घराने सांभाळावे, आणि या दोहोंमध्ये जो निरोप जाईल तो तक्रारीचा नसावा. यातला तिसरा भाग सर्वांत कमी पाळला जातो, म्हणून पत्राचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

छडीचा प्रश्न आधी बाजूला करते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. यातला मानसिक छळाचा उल्लेख आपण फार घाईने वाचतो. मुलाला सर्वांदेखत 'ढ' म्हणणे किंवा त्याच्या वडिलांचे व्यसन वर्गात बोलून दाखवणे यांनी अंगावर वळ उठत नाहीत, पण ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत यायला कचरते. "दोन लावा, आमची काही हरकत नाही," असे पालकाने सांगितले तरी ही मनाई उठत नाही. तो बोलतो ते विश्वासाने. त्याच्या लहानपणी त्याला जे मिळाले, त्यालाच तो शिक्षण समजतो. त्याच्यावर रागावू नकोस, पण मान डोलावून त्याला होकारही देऊ नकोस.

तुमचे मुख्याध्यापक तासांचा हिशेब मांडतात, असे तू लिहिले आहेस. हिशेब खरा आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1,000 तास अध्यापन सांगितले आहे. वर्षाचे एकूण तास 8,760, म्हणजे शाळेच्या वाट्याला सुमारे नववा हिस्सा येतो. पहिली ते पाचवीसाठी तर 800 तासच. एवढ्या वेळात शाळेने काय काय करायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला त्यातून उलटेच दिसते. त्या तासांत एका छपराखाली तीसेक समवयस्क मुले एकत्र असतात आणि अशी परिस्थिती कोणत्याच घरात नसते. नळावर आपली पाळी येईपर्यंत थांबणे, आपल्याला न आवडणाऱ्या मुलाशेजारी बसून काम करणे, गटातल्या कमजोर मुलाचे बोलणे पुरते ऐकून घेणे, हे आईवडील कितीही चांगले असले तरी घरी शिकवू शकत नाहीत, कारण तिथे त्याचे प्रसंगच येत नाहीत. म्हणून या गोष्टींत मूल चुकले की "घरी काही शिकवलं नाही का?" हा प्रश्न गैरलागू ठरतो.

आता तू कळवलेल्या कंपासपेटीच्या प्रसंगाकडे येते. सहावीतल्या मुलाने शेजाऱ्याची कंपासपेटी घेतली, विचारल्यावर नाही म्हणाला आणि पेटी त्याच्याच दप्तरात सापडली. तू त्याच संध्याकाळी वडिलांना फोन केलास. तुझा हेतू स्वच्छ होता. पण दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो गाल सुजलेला, आणि त्यानंतर आठवडाभर त्याने तुझ्याकडे मान वर करून पाहिले नाही. तू हात उगारला नव्हतास, तरी तो मार तुझ्या फोनमधून निघाला, असे मुलाने मनाशी धरले असेल तर त्याला चूक म्हणता येणार नाही. बहुतेक घरांत शाळेतून आलेली तक्रार म्हणजे आपल्या अब्रूवर आलेली गोष्ट असते. बाप दिवसभर राबून आलेला असतो, काय घडले ते त्याने पाहिलेले नसते, आणि काहीतरी केले पाहिजे एवढेच त्याला समजलेले असते. त्याच्या हाताशी जे असते ते तो करतो. शिवाय ज्याची पेटी गेली त्या मुलाला या सगळ्यातून काहीच मिळत नाही.

हाच प्रसंग शाळेत मिटवता आला असता. दोघांना मधल्या सुट्टीत वेगळे बसवायचे. पेटी परत द्यायला लावायची. तिच्यातला कोनमापक तुटला असेल तर तो बदलून कसा द्यायचा, हे घेणाऱ्यालाच सुचवायला सांगायचे. आणि खोटे का बोललास, हे एकट्यात विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचे. उत्तर लगेच येत नाही. "माझ्याकडे स्वतःची पेटीच नाहीये" एवढेच उत्तर आले तर त्यातही बरेच काही कळते. यात तुझी दोन-तीन दिवसांची मधली सुट्टी जाईल, आणि ती गेलेली मला चालेल. त्या मुलांना न्याय म्हणजे काय हे कळण्याची तीच वेळ असते.

पालकांना मग कधीच काही सांगायचे नाही का? सांगायचे, आणि ते त्यांच्याच हद्दीतले असावे. मूल दुसऱ्या तासाला पेंगत असेल तर ती घरातली बाब आहे. रात्री मोबाइल कोणाच्या हातात असतो, जेवण किती वाजता होते, अंथरूण कुठे पडते, हे शाळेला हुकमाने बदलता येत नाही. तेव्हा विचारायचे, "काकू, रात्री तो किती वाजता झोपतो?" आणि ऐकून घ्यायचे. कदाचित कळेल की शेतातल्या पाण्याच्या मोटारीला वीज रात्रीच मिळते आणि मुलगा वडिलांबरोबर पिकाला पाणी धरायला जातो. मग तुझा राग जाईल आणि तुम्ही दोघी मिळून काही उपाय काढाल. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र कोणत्याही मुलाचे नाव चुकीसंदर्भात कधीही टाकू नकोस. हा माझा आग्रह समज.

तुझी शाळा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. दिवाळीच्या सुमारास तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला मजुरांच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातील आणि वसंतात परततील. जी मुले मागे राहतील त्यांचे पालक म्हणजे आजी, चुलती, कधी फक्त थोरली बहीण. इथे "जबाबदारी पालकांची" हे वाक्य कोणाला उद्देशून म्हणायचे? अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार 75 टक्के सदस्य पालक व निम्म्या महिला असाव्या लागतात. ती समिती सहीपुरती राहू देऊ नकोस. संध्याकाळच्या जेवणानंतर मुले कुठे असतात, भांडण झाले तर कोणाकडे जातात, थोरल्या मुलींवर धाकट्यांचा किती भार पडतो, हे विषय बैठकीत तू स्वतः मांड. आजी सभेला आली तर ती दाराशीच बसेल, कारण शाळेतून बोलावणे म्हणजे बोलणी खावी लागणार, असे तिला वाटते. तिला पुढे बोलावून घे आणि मुलाने चांगले केलेले एखादे काम आधी सांग. पुढचे बोलणे सोपे होईल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी पाड्यांवर, घरांच्या अंगणातच बालवाडी नेली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, गाणी, खेळ, हे सारे आयांच्या डोळ्यांदेखत चाले. तिथे कोणी कोणाला तक्रारीची चिठ्ठी पाठवत नव्हते. आई आणि बाई, दोघींना एकच मूल एकाच वेळी दिसत होते. तुला अंगणात वर्ग भरवता येणार नाही, पण महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटल्यावर वस्तीवर एक फेरी नक्कीच मारता येईल.

दिवाळीची सुट्टी लागण्याआधीच्या पालकसभेसाठी एवढे कर. प्रत्येक मुलामागे एका वहीत तीन नोंदी घे: आईवडील कामाला बाहेर गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहणार, त्या माणसाचा फोन कोणता, आणि त्याला भेटायला सोयीची वेळ कोणती. कंपासपेटीच्या मुलाच्या वडिलांना त्या दिवशी वेगळे भेट, पेटी परत मिळाली असून तो विषय शाळेत संपला आहे असे स्पष्ट सांग, आणि यापुढे शाळेतली गोष्ट मी शाळेतच मिटवीन असे सांगून, त्यासाठी घरी मारणार नाही, असा शब्द त्यांच्याकडून मुलासमोर घे. ते काय म्हणाले, ते मला कळव.

तुझी हितचिंतक