वाचकांचे प्रश्न : शोभिवंत गवत उंच वाढते, फवारणी लागू पडत नाही

प्रश्न : माझ्या रोपवाटिकेत जांभळ्या पानांचे फाउंटन ग्रास 15 सेंटिमीटर व्यासाच्या कुंड्यांत वाढवले आहे. विक्रीला येईपर्यंत ते इतके उंच होते की ठोंब मधून फाटतो आणि वाहतुकीत पाने मोडतात. उंची रोखणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोल या द्रव्याची दोनदा फवारणी केली, पण उंचीत काहीच फरक पडला नाही. मात्रा वाढवावी का?

उत्तर : मात्रा वाढवू नये, पद्धत बदलावी. पॅक्लोब्युट्राझोल वनस्पतीतील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखते, आणि जिबरेलिन कमी पडले की पेशी लांबत नाहीत. मात्र हे द्रव्य वनस्पतीत पाण्याच्या वाहिन्यांतून, म्हणजे खालून वरच वाहते. पानावर पडलेला थेंब पानातच राहतो, बुडाकडे उतरत नाही. आता गवताचा एक फुटवा उपटून उभा चिरून पाहा. फुलोरा येईपर्यंत खरे खोड ठोंबाच्या तळाशी जेमतेम बोटाच्या पेराएवढे असते आणि आपण ज्याला उंची म्हणतो ती पानांची लांबी असते. ही पाने बुडाकडून वाढत वर ढकलली जातात. म्हणजे वाढ होते तळाशी आणि आपण औषध घातले शेंड्यावर. गुलदावदीसारख्या रोपात फवारा थेट खोडावर बसतो, म्हणून तिथे फवारणी चालते. गवतात तो बहुतेक पानांवरच अडकतो.

म्हणून आळवणी करावी, म्हणजे द्रावण मुळांशी ओतावे. मुळांनी शोषलेले द्रव्य वाढबिंदूपर्यंत आपोआप पोहोचते आणि त्यासाठी फवारणीपेक्षा पुष्कळ कमी तीव्रता पुरते. तुमच्या आकाराच्या कुंडीला साधारण 120 मिलिलिटर द्रावण द्यावे. कुंडीतील माध्यम (मातीचे मिश्रण) आधी किंचित ओलसर असावे, म्हणजे द्रावण सारखे पसरते आणि खालून वाहून जात नाही. माध्यमात झाडाच्या सालीचा चुरा असल्यास तो बरेचसे द्रव्य धरून ठेवतो आणि परिणाम कमी दिसतो, हेही लक्षात असू द्यावे.

घोटाळा होतो तो मापात. ज्या उत्पादनात प्रतिलिटर 250 ग्रॅम सक्रिय घटक आहे, त्याचे 1 मिलिलिटर 50 लिटर पाण्यात मिसळले की 5 पीपीएमचे (दशलक्ष भागांत 5 भाग) द्रावण तयार होते. तेच 1 मिलिलिटर 5 लिटरमध्ये घातले तर 50 पीपीएम. बाटलीच्या झाकणाने माप घेणाऱ्याला हा दहापटीचा फरक कळतही नाही. सिरिंज वापरावी आणि बाटली आधी नीट हलवून घ्यावी, कारण घटक तळाशी बसतो. मात्रा लेबलवरील मर्यादेतच ठेवावी. शोभिवंत गवतासाठी शिफारस आहे की नाही, तेही तिथेच पाहावे. सगळ्या मालावर हात टाकण्यापूर्वी दहा-बारा कुंड्यांवर कमीत कमी मात्रा देऊन पाहावे आणि तितक्याच कुंड्या साध्या पाण्यावर ठेवाव्यात. जांभळ्या जातीवर जी मात्रा चालली ती दुसऱ्या गवतावर तशीच चालेल असे नाही.

वेळ महत्त्वाची. मुळे कुंडीच्या कडेला पोहोचल्यावर, पण पाने झपाट्याने वर येण्यापूर्वी आळवणी करावी. झालेली उंची कोणतेही द्रव्य कमी करीत नाही. आधीच उंच झालेला माल छाटून नव्या फुटीच्या सुरुवातीला द्रावण द्यावे. उशीर झाल्यास तुऱ्याचा दांडाही आखूड राहतो आणि तुरा पानांतच अडकतो, मग या गवताची शोभा काय राहिली? मात्रा जास्त झाल्याची खूण म्हणजे खुजी, गर्द, एकमेकांवर दाटलेली पाने. त्यावर जिबरेलिनची फवारणी करता येते, पण पूर्ववत ठोंब मिळेलच याची खात्री देता येत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती मीच विचारतो : कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या आहेत का? दाटी, अपुरा उजेड आणि नत्राचा सढळ हात यांनीच गवत सर्वाधिक लांबते. आधी हे सुधारावे. मग औषधाची गरज उरली तरी थोडक्यात भागते.

प्रश्न : बागेत जमिनीत लावलेल्या गवतालाही ही आळवणी चालेल का?

उत्तर : टाळावी. पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत दीर्घकाळ टिकते आणि शेजारच्या झाडांची मुळेही ते शोषतात. जागा लहान असेल तर मुळातच बुटकी जात लावावी. फाउंटन ग्रासच्या वर्गातील ‘लिटल बनी’ साधारण 30 सेंटिमीटरच वाढते.