रात्री नळ वाजतात, पाणी तर कोणीच सोडलेले नसते

प्रश्न : इंदूरला सुदामानगरात आमचे दुमजली घर आहे. हौदातले पाणी मोटरने गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत चढते. वरच्या बाथरूममध्ये धार बारीक येई, म्हणून गेल्या वर्षी टाकीजवळ प्रेशर पंप बसवला. तेव्हापासून वॉशिंग मशीनने पाणी घेणे थांबवले की भिंतीत 'धाड्' होते. शिवाय रात्री सगळे झोपल्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी 'ठक्' ऐकू येते. प्लंबर म्हणतात, जुनी जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन काढून सगळी नवी टाका. खरेच गरज आहे का?

उत्तर : एवढ्या लक्षणांवरून भिंती फोडू नका. लोखंडी पाइप आवाज लांबवर नेतो. गच्चीवरचा ठोका खालच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो, म्हणून कान लावून जागा शोधताना हमखास चूक होते. आवाज नेमका केव्हा होतो आणि त्या क्षणी काय उघडले किंवा मिटले, हे पाहा. तुमच्या घरात दोन आवाज आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत.

रात्रीचा आधी पाहू, कारण त्यात पाणीही वाया जात असण्याची दाट शक्यता आहे. हा ठोका बहुधा पंपाचा आहे. नळ बंद असताना पंप सुरू होतो, याचा अर्थ लाइनमधला दाब कुठून तरी उतरतो आहे. दाब उतरला की पंप क्षणभर चालतो, थांबतो, आणि एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) 'ठक्' करून मिटतो. रात्री पंपानंतरचा, घराकडे जाणारा गेट व्हॉल्व्ह बंद करा आणि अर्धा तास थांबा. तरीही पंप लागत असेल तर पाणी एनआरव्हीतून मागे टाकीत जाते आहे. तो उघडून साफ करा. रबर झिजले असेल तर नवा बसवा, स्प्रिंगचा घ्या. झडपेचा एनआरव्ही पाणी उलटे फिरल्यावर आपटतो, स्प्रिंगचा त्याआधीच मिटतो.

पंप लागायचा थांबला तर गळती घरात आहे, आणि बहुतेक वेळा ती फ्लशच्या टाकीत सापडते. टाकीत कपड्यांची नीळ टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात निळसर ओघळ दिसला तर तळाचा वॉशर बदला, काम झाले. ओघळ नसेल तर एकेका बाथरूमचे अँगल कॉक (भिंतीवरचे पाणी बंद करायचे छोटे कॉक) बंद करत जा आणि कोणता मिटल्यावर पंप थांबतो ते पाहा.

पंपाला हवेची छोटी टाकी जोडलेली असेल तर तीही तपासा. वीज बंद करा, एक नळ उघडून दाब पूर्ण उतरवा आणि सायकलच्या ट्यूबसारख्या व्हॉल्व्हवर हवेचा गेज लावा. पंप १.४ बारला (बार हे दाबाचे माप) सुरू होत असेल तर आत १.२ बार, म्हणजे साधारण १७ पीएसआय हवा हवी. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. व्हॉल्व्हमधून पाणीच आले तर आतले रबर फाटले आहे, ते बदलावे लागेल.

आता मशीनचा धडाका. नळ हाताने हळू मिटतो, मशीनचा व्हॉल्व्ह निमिषात. धावते पाणी एकदम अडले की दाबाची लाट उठते. लोखंडी पाइपमध्ये सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी झटक्यात थांबले तर दाब १२ बारच्या आसपास उसळतो. सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप थोडा फुगतो, म्हणून त्यात याच्या निम्म्याहून कमी. प्रेशर पंपाने पाण्याचा वेग वाढवला, म्हणून हा आवाज पंपानंतर सुरू झाला. मशीनचा नळ अर्धा मिटून पाहा. आवाज मंदावला तर निदान बरोबर आहे. मग नळ आणि मशीनची नळी यांच्यामध्ये वॉटर हॅमर अरेस्टर (ही दाबाची लाट झेलणारे छोटे उपकरण) बसवा, मशीनच्या जितक्या जवळ तितका चांगला. पूर्वी त्यासाठी टोक बंद केलेला उभा पाइप लावत. त्यातली हवा पाण्यात हळूहळू विरघळते आणि वर्षभरात उपयोग संपतो. पंपाचा बंद होण्याचा दाबही गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. उघड्या लाइनचे सैल क्लॅम्प रबराची पट्टी घालून आवळा.

प्रश्न : नर्मदेचे पाणी आले की हौदाकडच्या पाइपमध्ये आधी फुसफुस आणि मग शिट्टी वाजते.

उत्तर : फुसफुस हवेची आहे. एक दिवसाआड पाणी येणारी लाइन मधल्या वेळात रिकामी होते, ती हवा बाहेर पडते. दोन-चार मिनिटांत थांबली तर काही बिघडलेले नाही. शिट्टी टिकून राहिली तर हौदातल्या बॉल कॉकचा (हौद भरला की तरंगत्या गोळ्याने मिटणारा नळ) वॉशर पाहा, आणि त्याआधीचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना तेही. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी अरुंद फटीतून जोरात जाते आणि वाजते. लाटांमुळे गोळा वरखाली नाचत असेल तर काहीजण आवाज दाबायला पाण्यात बुडेल अशी नळी जोडतात. ते कधीही करू नका. पुरवठा थांबल्यावर लाइन हौदातले पाणी उलटे ओढते, आणि तुमच्या हौदाचे पाणी शेजाऱ्यांच्या नळाला जाते.

प्रश्न : गीझर लावल्यावर भिंतीत टकटक होते. फुटेल का?

उत्तर : सीपीव्हीसी गरम झाल्यावर वाढतो. ५ मीटरच्या पाइपचे तापमान ३५ अंशांनी वाढले तर तो ११ मिलिमीटर लांबतो, आणि घट्ट क्लॅम्पमधून सरकताना टकटकतो. क्लॅम्प किंचित सैल करा. पाइप धरला जावा, पण सरकता यावा. भिंतीत गाडलेला असेल तर सिमेंटला टेकलेल्या वळणाजवळ फोमची नळी घालून पुन्हा लिंपा. आवाज गीझरच्या आतूनच, पाणी उकळल्यासारखा येत असेल तर तो क्षारांचा आहे. बोअरिंगचे पाणी वापरत असाल तर पाणी तापवणारा एलिमेंट काढून गीझरची टाकी धुवून घ्या.