मागचं कुठे सोडलंत?

वाचक विचारतात : काय खावं, काय पाहावं, काय ऐकावं

प्रश्न : काकू, नमस्कार. आमची सून कोल्हापूरची. दोघं पुण्याला असतात. लग्नानंतर पहिल्यांदाच ती डिसेंबरात चार दिवस नागपूरला राहायला येणार आहे. ह्यांचं म्हणणं, पहिल्याच रात्री सावजीकडे न्यायचं. ती मटण आवडीनं खाते, तरी माझा जीव धास्तावला आहे. तिला काय खाऊ घालू?
— एक सासू, मानेवाडा

उत्तर : ताई, यजमानांनी ठिकाण बरोबर निवडलं आहे, दिवस तेवढा बदला. मी ३१ वर्षं एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. 'काहीतरी चांगलं द्या' म्हणत कुणी आलं, की मी आधी विचारायची, 'मागचं कुठे सोडलंत?' कुणी चाळिसाव्या पानावर सोडलेलं असायचं, कुणी शेवटच्या प्रकरणात. त्यावरून पुढचं पुस्तक ठरायचं. आपल्याला फार आवडतं म्हणून सगळ्यांत जहाल ते पहिल्याच दिवशी हातात ठेवलं, तर दोन दिवसांत ते न वाचता परत येतं. सुनेच्या ताटाचंही मला तसंच वाटतं.

कोल्हापूरची मुलगी तिखटाला भिणार नाही. पण तिची सवय वेगळी. तांबड्या रश्श्याची झणझण जिभेला लगेच कळते, आणि शेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी असते. आपल्या हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरून आलेला सावजी रस्सा काळपट, भाजलेल्या खड्या मसाल्यांचा. पहिले दोन घास तो गप्प असतो, मग घशात उतरून पेटतो, आणि ताटात पांढरी वाटी नसते. म्हणून तिसऱ्या दिवशी न्या, आणि दुपारी न्या. आधी पाटोडी रस्सा मागवा. बेसनाची वडी तिखट ओढून घेते, मसाल्याची ओळख होते, जीभ भाजत नाही. तिनं वाटीत पुन्हा रस्सा मागितला, तर खुशाल मटणाकडे वळा. सोबत लांब रोटी मिळाली तर फार छान. पातळ कणीक हातांवर झुलवत झुलवत उलट्या मडक्यावर टाकतात, ते करणाऱ्या बाईचे हात तिला दोन मिनिटं उभं राहून पाहू द्या. मी अजूनही पाहते.

पहिला दिवस घरचा ठेवा. वडाभात करा. डाळी भरड वाटून वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे, वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची कडकडीत फोडणी. सोबत ताक किंवा कढी. प्रवासातून आलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं काय वाढावं, मला सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे, आणि ते रस्त्यावरच. कस्तुरचंद पार्काच्या बाजूला सकाळी गाड्यांवर गर्दी असते. तर्री वेगळी मागा, पोह्यांवर घेऊ नका. चार घास पोहे नुसते, कांदा-लिंबाचे, मग एक चमचा चण्याची तर्री, मग दोन. तिला किती हवी, ते तिची तीच ठरवेल.

डिसेंबर म्हणजे सांभार स्वस्त, तेव्हा सांभारवडी झालीच पाहिजे. मात्र तिला आधी सांगा, की आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर बाहेरची माणसं वडीत इडलीबरोबरचं सांबार शोधत बसतात. जुडी निवडायला तिलाही सोबत घ्या. कोथिंबीर धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा, ओल राहिली तर वडी तळताना फुटते. सारणात खोबरं, खसखस, चारोळी हात न आखडता घाला. आतून चिंचेच्या मसाल्याचं बोट फिरवायला विसरू नका, वडीची खरी चव त्या बोटात असते.

परत जाताना संत्रा बर्फी देणार असाल तर द्या, पण पिशवीभर संत्री नक्की द्या. डिसेंबरात आंबिया बहार असतो, थोडा आंबटगोड. आणि सांगून ठेवा, की मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, त्यांची गोडी निराळी. पुन्हा येण्याचं निमंत्रणही त्यात आलं.

प्रश्न : आई ७८ वर्षांची. दिवसभर मालिका लावून बसते आणि अर्ध्यात झोपते. आठ वर्षांचा नातू रिमोटसाठी रडतो. दोघांना एकत्र पाहता येईल असं काही आहे का?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : आहे. 'मालगुडी डेज'. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या गोष्टींवर केलेली दूरदर्शनची मालिका, हिंदीत आहे. बहुतेक गोष्टी एका भागात संपतात. आई मधेच झोपल्या तरी काल काय झालं, हे कुणाला सांगावं लागत नाही. नातवाला सुरुवातीची चित्रं दाखवा, ती लेखकाचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंब्याला झालं, तिथले ओटे, खांब आणि पाऊस पाहून आई स्वतःच्या लहानपणाचं काही सांगू लागल्या, तर टीव्ही थांबवा. रोज एकच भाग. दुसरा मागितला तरी उद्यावर ठेवा.

प्रश्न : बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात वसंतराव देशपांड्यांच्या कॅसेट आहेत, त्यातल्या मारवा रागाच्या कॅसेटवर त्यांनी पेनानं चांदणी काढली आहे. मी तीनदा ऐकायला बसलो, दहा मिनिटांत बंद केलं. अस्वस्थ होतं. मला गाण्यातलं काही कळत नाही. कुठून सुरू करू?
— वय २४, महाल

उत्तर : बाळा, तू कुठे सोडलंस ते नेमकं सांगितलंस, म्हणून मला उत्तर देता येतं आहे. तुला अस्वस्थ वाटलं, याचा अर्थ तू नीट ऐकत होतास. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नसतोच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे 'सा', गाण्याचं घर, त्यावर गवई सहज येऊन टेकत नाही. आसपास फिरत राहतो. सूर्य बुडतानाचा राग आहे हा. उजेड गेलेला नाही आणि दिवा लावलेला नाही, त्या वेळची हुरहुर त्यात आहे. वर्षभरापूर्वी वडील गेलेल्या मुलाला ती सोसवली नाही, यात तुझं काही चुकलेलं नाही.

मारवा थोडा बाजूला ठेव. 'कट्यार काळजात घुसली'चा सिनेमा २०१५ साली आला, तो तू पाहिला असशील. आता १९६७ च्या मूळ नाटकातली पदं ऐक. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, आणि त्यात खाँसाहेब झालेले वसंतराव लहानपणी याच शहरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. म्हणजे बाबांचा आवडता गवई तुझ्या गावात घडला. त्यात 'घेई छंद मकरंद' दोन चालींत आहे. एक खाँसाहेबांची, वसंतरावांच्या गळ्यातली, दुसरी नाटकातल्या दुसऱ्या गवयाची, पंडितजींची, प्रसाद सावकारांच्या गळ्यातली. शब्द तेच. दोन्ही एकामागून एक, आठवडाभर ऐक. आठव्या दिवशी तुला कुणी न सांगता कळेल, की गाणारा शब्दांचं काय करतो. शास्त्रीय गाण्यात शिरायला मला याहून सोपं दार ठाऊक नाही.

मग मारव्याकडे ये. संध्याकाळी, गच्चीवर, फोन खाली ठेवून. आधी तंबोऱ्याच्या सुरात स्वतःच 'सा' लाव, बेसूर लागला तरी चालेल. मग कॅसेट सुरू कर आणि एकच काम कर : वसंतराव 'सा'वर कधी येतात, त्याची वाट पाहा. माझे वडील फुटाळा तलावाच्या काठावर मला हेच करायला लावायचे, ते स्वतः गुणगुणायचे आणि मी वाट पाहायची. ते येणं ऐकलंस, की बाबांनी चांदणी का काढली असेल याचा तुला अंदाज येईल.

३० जुलै हा वसंतरावांचा स्मृतिदिन. त्या सुमारास सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्याच नावाच्या सभागृहात त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह असतो. मी डावीकडे मागच्या रांगांत बसते, हातात कापडी पिशवी असते. येऊन भेट. चांदणीची कॅसेट घेऊन ये, मला पाहायची आहे.