गाणं मागे वाजतंय, की मुलगी गाण्यात आहे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारा वर्षांची, गोव्यात फोंड्याला चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग शिकते, उड्या स्वच्छ मारते, तरी कलेच्या गुणांत दर वेळी मागे पडते. सर म्हणतात, "गाणं कुठलंही लावा, उड्या वाढवा." टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग बघून तुम्हालाही आता तसंच वाटू लागलंय. मी म्हार्दोळचा, तबला शिकलेला. गेली चौदा वर्षं स्केटिंगच्या मुलांची गाणी कापून-जोडून देतो. माझं म्हणणं असं, की गाण्यावर वेळ घालवा, आणि उड्या बसवायच्या आधी घालवा.

सरांचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. 2018 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा नेथन चेन शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीनंतर, सतराव्या जागी होता. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या लांब फेरीत, त्याने चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या आणि थेट पाचव्या जागी आला. उड्यांची ताकद ही अशी आहे. पण 2022 च्या बीजिंगमध्ये जेसन ब्राउन चार गिरक्यांची एकही उडी न मारता सहावा आला, तेही बघा. तो फक्त हात छान हलवतो म्हणून नाही. त्याच्या दोन उड्यांच्या मधल्या जागेत एकही पाऊल रिकामं जात नाही.

गुणांचा हिशेब थोडक्यात सांगतो. बर्फावर 2022-23 च्या हंगामापासून कलेच्या बाजूला तीन घटक आहेत: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. प्रत्येकाला दहापैकी गुण. पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये या बेरजेला 3.33 ने गुणतात, म्हणजे जवळजवळ शंभर गुण इथे असतात. महिलांचा गुणक 2.67, म्हणजे ऐंशीच्या आसपास. लुट्झ हा उडीचा एक अवघड प्रकार; चार गिरक्यांच्या लुट्झची मूळ किंमत 11.50 आहे, तिच्याशी तुलना करून बघा. शिवाय प्रत्येक उडीच्या दर्जाला उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी मिळते, आणि ती उडी संगीताशी जुळली का, हा त्यातला एक निकष असतो. म्हणजे गाणं उडीच्या स्वतःच्या गुणांतही शिरलेलं आहे. चाकांवरच्या स्केटिंगची 'रोलआर्ट' पद्धतही याच धर्तीवर बेतलेली आहे. तुमच्या स्पर्धेला नेमकी कोणती पद्धत आहे, ते नियमपत्रकात बघून घ्या.

आता मुद्द्याचं. मुलीचा एखादा व्हिडिओ घ्या, त्याचा आवाज बंद करा आणि शेजारी त्याच लांबीचं दुसरंच गाणं लावा. तेही तितकंच शोभलं, तर पहिलं गाणं तिच्या मागे नुसतं वाजत होतं असं समजा. मी ही परीक्षा अनेक मुलांवर करून पाहिली आहे. दहा-बारा वर्षांची बहुतेक मुलं तिच्यात नापास होतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. उड्या आधी बसवायच्या आणि गाणं शेवटच्या पंधरवड्यात वरून घालायचं, ही आपलीच रीत चुकीची आहे.

गाण्यात असणं म्हणजे काय, ते मला जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या ब्रिटिश जोडीचं 1984 च्या साराजेव्हो ऑलिंपिकमधलं आइस डान्स, म्हणजे बर्फावरचं जोडीचं नृत्य, बघून कळलं. संगीत राव्हेलचं 'बोलेरो'. तबलजीच्या कानाने ऐका: पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत ड्रमचा एकच ठेका, तसूभरही न बदलणारा. वर वाद्यं चढत जातात, नाद भरत जातो, पण ठेका जागचा हलत नाही. आपल्याकडे लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी एकच धून, धरणारा जसा अढळ राहतो आणि वाजवणारा त्यावर बांधत जातो, तसंच. या दोघांनी पाव तासाची ती रचना 4 मिनिटं 28 सेकंदांवर आणली. आणखी कापली तर चढण तुटत होती, आणि नियमाची मर्यादा होती 4 मिनिटं 10 सेकंद. मग नियम नीट वाचला, तर वेळ मोजायची ती स्केटचं पातं बर्फाला टेकल्यापासून. म्हणून दोघांनी सुरुवात गुडघ्यांवर बसून केली, आणि पहिली अठरा सेकंदं केवळ वरच्या शरीराने झुलले. संगीताला धक्का लावण्यापेक्षा त्यांनी स्वतः गुडघे टेकले. नऊच्या नऊ परीक्षकांनी कलात्मक प्रभावाला 6.0 दिले, म्हणजे तेव्हाच्या पद्धतीतले पूर्ण गुण. ती अठरा सेकंदं मी अजूनही मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो.

तुमच्या मुलीसाठी यातून घ्यायची ती सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली, वजनाची मात्रा. उडी ही तिची सम आहे. हवेतून खाली येऊन पाऊल टेकतं तो क्षण गाण्यातल्या वजनाच्या मात्रेवर आला, तर बघणाऱ्याच्या तोंडून आपसूक "वा!" निघतं. दर वेळी नेमकं समेवरच यायला हवं असंही नाही. जरा आधी किंवा जरा नंतर मुद्दाम आलं तर तीही गंमत आहे, पण सम कुठे आहे हे तिला ठाऊक असलं पाहिजे. आपल्या गोव्याचे तबलजी खाप्रूमामा पर्वतकर यांना लोक लयभास्कर म्हणत. हातापायांनी वेगवेगळ्या लयी एकाच वेळी सांभाळायची त्यांची ख्याती होती. तेवढं कोणाला जमणार नाही. पण हाताने टाळी-खाली देत, म्हणजे ताल मोजत, स्वतःचं गाणं ऐकणं बारा वर्षांच्या मुलीला नक्की जमतं.

कट करून घेताना फार जपा. एका मुलीचं गाणं एका स्टुडिओतून असं कापून आलं होतं, की जोडावर आवर्तनातल्या तीन मात्रा गेल्या होत्या. पोरगी रोज त्याच जागी अडखळायची आणि सगळे तिला ओरडायचे. मी बोटांवर मात्रा मोजल्या तेव्हा कळलं, चूक गाण्यात होती. कट नेहमी आवर्तन पुरं करूनच घ्यायचा. दुसरं, शब्दांचं गाणं. बर्फावर एकेरी आणि जोडीच्या स्पर्धेत शब्दांसकट गाणी 2014-15 पासून चालतात, पण लहान मुलं शब्दांचा अभिनय करू लागतात. गाण्यात डोळे आले की बोट डोळ्यांकडे. सध्या वाद्यसंगीतच घ्या.

कुठलं घ्यावं, हेही तुम्ही विचारलंय. जपानच्या हान्यू युझुरूने 2018 चं ऑलिंपिक सुवर्ण ज्या 'सेईमेई' प्रोग्रॅमवर घेतलं, त्याचं संगीत एका जपानी चित्रपटातलं आहे. त्यात बासरी आणि मोठे ढोल आहेत. ढोलाचा ठोका पडतो तिथे त्याचं पाऊल बोलतं. ते त्याच्या कानात मुरलेलं होतं. तुमच्या मुलीच्या कानात काय मुरलंय? चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्या ती जन्मापासून ऐकते आहे. मातीचं घुमट, काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि कासाळें म्हणजे झांजा, यांचं वादन संथ सुरू होतं, मग चढत जातं, मध्येच एकदम थांबतं. ती थांबण्याची जागा स्पिनमधून बाहेर यायला किती सुंदर आहे! अडीच-तीन मिनिटांचा तुकडा निवडा. सुरुवातीचा संथ भाग लांब पावलांना, चढता भाग फूटवर्कला, आणि शेवटची उडी थांबण्याच्या आधीच्या ठोक्यावर.

पहिले दोन आठवडे तिला स्केट्स बांधू देऊ नका. घरातल्या बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर, उभं राहून डोळे मिटून ऐकू दे, टाळी देऊ दे, मग अनवाणी चालू दे. तिसऱ्या आठवड्यात चाकं, पण उड्यांशिवाय. उड्या चौथ्यात. सरांना आधी सांगा आणि शक्यतो सोबत बसवा. उडीच्या तयारीला किती पावलं लागतात हे तेच सांगू शकतील, आणि कट त्या हिशेबाने घ्यावा लागेल. दमाचं भान ठेवा, कारण रिकामी पावलं भरली की शेवटच्या मिनिटात पाय जड होतात. तेव्हा एखादी उडी सध्या कमी झाली तरी मी ती खुशाल सोडेन.

चवथीला तुमच्याकडे आरत्या रेकॉर्ड करणार असाल, तर फोन घुमटाच्या अगदी समोर ठेवू नका, आवाज फाटतो. दोन हात लांब, शामेळाच्या बाजूला ठेवा. तुकडा मला पाठवा, मात्रा मोजून कुठे कापता येईल ते सांगतो.