घोरपडीने काय मागावे?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कादंबरीची चार प्रकरणे मिळाली आणि सलग वाचून काढली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारले आहेस की, ही कादंबरी दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी असली तरी मोठ्यांनीही ती आवडीने वाचावी, यासाठी तिच्यात आणखी काय घालावे. माझे उत्तर असे की, मोठ्यांसाठी म्हणून जे जे घातले आहेस ते आधी काढून टाक. दुसऱ्या प्रकरणात घोरपडीच्या तोंडी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीवरचे टोमणे आहेत. ते मुलांना कळणार नाहीत, आणि मोठ्यांना त्याहून खुमासदार टोमणे रोज चहाच्या टपरीवर फुकट ऐकायला मिळतात. शिवाय मुलांना वगळून मोठ्यांशी नेत्रपल्लवी करणारा लेखक मुलांच्या फार लवकर लक्षात येतो आणि मग ती पुस्तक मिटून खेळायला जातात.

लहानांसाठीच्या अद्भुत कादंबरीकडे मोठी माणसे ओढली जातात ती तिच्यात त्यांच्यासाठी वेगळा कोपरा राखून ठेवलेला असतो म्हणून नव्हे. एकच प्रसंग मूल एका अंगाने वाचते आणि त्याची आजी दुसऱ्या अंगाने, आणि दोघांनाही तो पूर्ण वाटतो. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या ‘द हॉबिट’ या अद्भुत कादंबरीचे हस्तलिखित १९३६ साली स्टॅन्ली अन्विन या लंडनच्या प्रकाशकाकडे आले, तेव्हा त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिले. रेनर नावाच्या त्या मुलाने एका शिलिंगाच्या मोबदल्यात अभिप्राय लिहून दिला की, हे पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतःला त्या वयोगटाबाहेर ठेवण्याची दक्षता त्याने घेतली, हे मला फार आवडते. पुस्तक १९३७ मध्ये निघाले आणि ते नऊ वर्षांच्या आतल्या वाचकांपुरते राहिले नाही, हे तुला ठाऊकच आहे.

त्याच पुस्तकाची पुढची हकीकत तुझ्या अधिक कामाची आहे. कादंबरीचा नायक बिल्बो आणि गुहेत एकटाच राहणारा गॉलम नावाचा प्राणी अंधारात एकमेकांना कोडी घालतात, ते प्रकरण तू वाचले असशील. पहिल्या आवृत्तीत गॉलमने घालणाऱ्याला अदृश्य करणारी आपली अंगठी बक्षीस म्हणून पणाला लावली होती आणि हरल्यावर, अंगठी सापडेना म्हणून, त्याने बिल्बोला मुकाट्याने बाहेरची वाट दाखवली होती. पुढे टॉल्किन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्याच अंगठीची मोठी कादंबरी लिहू लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, ज्या अंगठीचा मोह माणसाला सोडत नाही ती अंगठी कोणी अशी सहजासहजी देऊन टाकणार नाही. तेव्हा त्यांनी छापून विकले गेलेले ते प्रकरण बदलले आणि १९५१ च्या आवृत्तीत नवे घातले. आता गॉलम अंगठीसाठी पिसाळतो आणि अदृश्य झालेल्या बिल्बोला त्याला ठार मारण्याची संधी मिळते. पण त्या एकाकी, ओंगळ जिवाची त्याला दया येते आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निसटतो. मुलाला ती उडी आठवते. संसाराचे चटके खाल्लेल्या माणसाला उडीच्या आधीचा तो थबकलेला क्षण आठवतो. ही दया मोठ्यांसाठी म्हणून वेगळी शिंपडलेली नाही. अंगठीचा कायदा लेखकाने स्वतःवरही लागू केला, त्यातूनच तिला जागा झाली.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी अश्वत्थामा कोणाला शिकवावा लागत नाही. दिवाळीत अस्तंबा डोंगरावर त्याच्या नावाची यात्रा भरते आणि माणसे रात्रीची डोंगर चढतात. कपाळावरची न भरणारी जखम घेऊन तो रानात हिंडतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, ही गोष्ट आजी पाच वर्षांच्या नातवाला सांगते तेव्हा त्या पोराला एवढेच विचारायचे असते की, तो आपल्या दारात आला तर काय करायचे. तोच नातू मोठा झाल्यावर महाभारतात वाचतो की, या माणसाने द्रौपदीची पाच मुले झोपेत मारली होती. मग हातातल्या तेलाच्या वाटीचे काय करावे हा प्रश्न एकाएकी अवघड होतो, आणि स्वतः मुलाबाळांचा धनी झाल्यावर तर तो आणखीनच अवघड होतो. गोष्टीतला एक शब्दही बदललेला नसतो. मरण नाही, जखम भरत नाही, मागितल्याशिवाय राहवत नाही, एवढे तीन नियम. पण ते कोणासाठीही शिथिल होत नाहीत.

आता तुझी घोरपड. कोरड्या बारवेच्या तळाशी बसून ती तापीखालच्या मुलखात जाणाऱ्याकडून दर खेपेला एक आठवण घेते, ही कल्पना मला मनापासून आवडली. पहिल्या खेपेला तुझी नायिका आजीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची चव देऊन टाकते आणि घरी परतल्यावर तीच भाकरी, वर ठेचा आणि तेल घेऊन, मुकाट्याने चघळत राहते, तो प्रसंग उत्तम उतरला आहे. “काय करी राहिनी वं?” असे आजी विचारते आणि मुलीला उत्तर देता येत नाही. मुलांना इथे मुलीची गंमतही वाटेल आणि भीतीही, आणि त्यांच्या आयांना कोणाच्या तरी हातची चव आठवेल. त्या पानावर एकही शब्द वाढवू नकोस. आजीची अहिराणीही तशीच राहू दे. तिच्याखाली प्रमाण मराठीत अर्थ देण्याची तुझी सवय मात्र सोड, कारण संदर्भावरून अर्थ लावण्यात मुले आपल्यापेक्षा हुशार असतात.

परंतु चौथ्या प्रकरणात तीच घोरपड मुलीला काहीही न मागता परत सोडते, का तर म्हणे मुलगी मनाची चांगली आहे. तुला कथानक पुढे ढकलण्याची घाई झाली होती, हे उघड दिसते. मूल इथे ताबडतोब विचारील की, मग आधी भाकरीची चव का घेतली? आणि मोठा वाचक काही न विचारता पुस्तक खाली ठेवील, कारण चांगुलपणापायी देणे माफ झाल्याचे त्याने फारसे पाहिलेले नसते. घोरपडीला दुष्ट करू नकोस, हळवीही करू नकोस. तिचा व्यवहार तिला चोख करू दे. मुलीची दया तिला यायचीच असेल तर त्या दयेची किंमत घोरपडीला स्वतःला मोजावी लागेल, आणि ती कोणती हे तुला शोधावे लागेल.

लिहून झाल्यावर ते प्रकरण शेजारच्या चौथी-पाचवीतल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखव आणि त्यांची चुळबूळ कोठे सुरू होते तेथे पेन्सिलीने खूण कर. मग तेच तुझ्या आजोबांना, मुलांच्या गैरहजेरीत, वाचून दाखव. दोन्हीकडे एकाच ओळीवर खूण आली तर ती ओळ निर्दयपणे काढ. पाचव्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी चौथे नव्याने लिहून पाठव, आणि घोरपडीने या खेपेला काय मागितले ते मला फोनवर आधी सांगू नकोस.

तुझे,
सर